केडगावच्या माळावरचा नाताळ

वाचकहो, साथीच्या वर्षातला नाताळ कसा असतो हे आता आपणांस कोणी सांगावयास नको. २०२० साल आपण सर्वांनीच पाहिले आहे. दिल्लीत मयूर विहारात राहणारे आपले मराठी बांधव असोत वा दौंड तालुक्यातील एखाद्या खेड्यात राहणारे असोत, त्या वर्षी प्रत्येकाने दार आतून लावून घेतले होते. महाराष्ट्रात तर त्या डिसेंबरच्या २२ तारखेपासून महानगरपालिकांच्या हद्दीत रात्रीची संचारबंदी होती आणि मध्यरात्रीची उपासना अनेक ठिकाणी संध्याकाळीच उरकावी लागली. कोणी गायनवृंदाविना गीते म्हटली, कोणी दूरध्वनीच्या पडद्यावर पाळकांचा आशीर्वाद घेतला.

त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातील एक दृश्यही आपण विसरला नसाल. मयूर विहाराच्या कडेने गाझियाबादकडे जाणाऱ्या महामार्गावरून हजारो मजूर डोक्यावर बोचकी घेऊन, कडेवर मुले घेऊन आपापल्या खेड्यांकडे पायी निघाले होते. शहराने त्यांना ठेवून घेतले नाही. इमारतींच्या सज्जांतून ती रांग पाहणाऱ्यांपैकी कित्येकांचे डोळे पाणावले, काहींनी खाली उतरून पाणी व भाकरी दिली, आणि काहींनी खिडकी लावून घेतली. साथीत माणसाला माणसाचे भय वाटते. त्या भयाला दोष देण्याची माझी इच्छा नाही.

त्या वेळी टाळेबंदीच्या नियमांखाली जो एक कायदा वारंवार ऐकू येई, तो साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७ सालचा. तो कोणत्या साथीसाठी झाला, आणि त्याच वर्षी पुण्याजवळच्या एका उजाड माळावर आपल्याच मंडळीतील एका स्त्रीने काय केले, हे आज सांगावयाचे आहे. पंडिता रमाबाईंचे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्यांची तसबीर अनेक ख्रिस्ती घरांत असते, १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. परंतु थोर माणसांचे असे होते की तसबीर भिंतीवर राहते आणि त्यांनी काढलेले एखादे अवघड वर्ष विस्मरणात जाते. रमाबाईंच्या आयुष्यातील ते वर्ष म्हणजे १८९७.

त्याआधीचे त्यांचे चरित्र थोडक्यात सांगून टाकतो. २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे, अरण्यातील आश्रमात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले. लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हिंडे. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या घराजवळ धान्य उरले नाही. भीक मागण्याचा संकोच आणि अंगमेहनतीची सवय नाही, अशा स्थितीत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी एकामागून एक माणसे गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास दोघेच उरले आणि अनवाणी उत्तर हिंदुस्थानात भटकत राहिले. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नसल्यामुळे या भावंडांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले आणि त्यांत शिरून, अंगावर वाळू ओढून रात्र काढली.

ही वाळूतली रात्र ध्यानात ठेवा. पुढे रमाबाईंनी जे केले ते पुष्कळांना साहस वाटले, कित्येकांना हट्ट वाटला. मला त्याचे मूळ त्या खड्ड्यात दिसते.

१८७८ मध्ये भावंडे कलकत्त्यास पोहोचली आणि तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला पंडिता व सरस्वती ही पदे दिली. १८८० मध्ये बंधू वारले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचाही घास घेतला, आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढील साक्ष, इंग्लंडचा प्रवास, २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे झालेला बाप्तिस्मा, अमेरिकेतील व्याख्याने आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक, हे सारे सहा-सात वर्षांत घडले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये, सदनातील काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात एवढ्या कारणावरून पुण्यात वादळ उठले, सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांसारखी मोठी माणसे बाजूला झाली आणि पालकांनी कित्येक मुली काढून नेल्या. सदन मात्र टिकले.

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ.

१८९६ सालचा उन्हाळा. लोणावळ्यास आध्यात्मिक सभा भरल्या होत्या. रमाबाईंबरोबर ख्रिस्ताचा स्वीकार केलेल्या पंधरा मुली तेथे होत्या. एके पहाटे रमाबाई रानात एकांती गेल्या आणि त्यांनी देवाकडे एक चमत्कारिक मागणे मागितले: या पंधरांचा वर्ग करून दे. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस! त्या वेळी शारदा सदनात पन्नासएक मुलींची सोय होती. अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते, त्याची मुदत सरत आली होती. हाताशी एकच जास्तीची गोष्ट होती. पुण्यापासून सुमारे पंचावन्न किलोमीटरांवर, धोंडच्या रेल्वेमार्गावर केडगाव नावाचे लहानसे स्टेशन आहे, त्याच्याजवळ त्यांनी जमीन घेतली होती. तेथे विहीर खणून संत्री व लिंबांची झाडे लावावी, फळांच्या उत्पन्नावर पुढे सदन चालवावे, असा त्यांचा हिशेब होता. झाडे अजून लहान होती. त्यांना फळ धरावयास वर्षे लागणार होती.

मागणे मान्य झाले, पण ज्या वाटेने झाले ती वाट कोणी मागितली नसती. त्याच वर्षी पाऊस गेला आणि मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. जबलपूर-होशंगाबादच्या बाजूची दरिद्राश्रमे त्यांनी पाहिली. झाडाखाली, रस्त्याकडेला पडलेली माणसे पाहिली. अनाथ व तरुण विधवा मुलींना या गर्दीत कोण कोठे घेऊन जाते, हे त्यांच्या सरावलेल्या नजरेने लगेच ओळखले. सरकारी रोजंदारीच्या कामांवरही मुली सुरक्षित नव्हत्या. ज्या स्त्रीने स्वतः उपाशी राहून आईबाप गमावले, तिला हे दृश्य पाहून अहवाल लिहून परतणे शक्य नव्हते. त्यांनी मुली आणावयास सुरुवात केली. पुढे पुढे ही संख्या तीनशेच्या घरात गेली. पैसा कोठून येईल याचा हिशेब मांडून हे काम सुरू झालेले नव्हते. ते सुरू झाले आणि पैसा येत गेला.

इकडे पुण्याची काय स्थिती होती? सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला होता. चीनमधून हाँगकाँगमार्गे आलेली ही साथ साऱ्या जगातील बंदरांत पसरत होती. मुंबईतून ती रेल्वेने पुण्यास आली. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली, पण ती लोकांपर्यंत पोहोचावयास वेळ होता. उंदरावरील पिसूमुळे हा रोग पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखविले. म्हणजे १८९७ मध्ये पुणेकरांना एवढेच दिसे की काखेत गाठ येते, ताप चढतो आणि दोन-चार दिवसांत माणूस जातो. शत्रू कोण हे ठाऊक नाही, तेव्हा प्रत्येक अनोळखी माणूस शत्रू वाटू लागला. फेब्रुवारीत तो साथरोग कायदा झाला. मार्चपासून रँड यांच्या प्लेग समितीचे गोरे शिपाई घरोघर झडत्या घेऊ लागले. ज्याला ताप आहे त्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना छावणीत न्यावे, सामान जाळावे, अशी पद्धत होती.

याच मार्च महिन्याच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. पुण्यातील स्त्रीशिक्षणाची पहिली माउली त्या शहराने साथीत गमावली. रमाबाई आणि सावित्रीबाई यांचे मार्ग वेगळे होते. परंतु एकाच शहरात, एकाच वर्षी, दोघींनी ज्या दिशेने पाऊल टाकले ती दिशा एकच होती, आणि बहुतेक सारे शहर त्या वेळी उलट्या दिशेने पळत होते. आपल्या मंडळीत सावित्रीबाईंचे नाव याहून अधिक घेतले जावे असे मला वाटते.

अशा शहरात रमाबाई दुष्काळी मुली घेऊन आल्या. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, तोंडात व्रण, हातापायांवर जखमा. कोणी म्हणेल, यांत काय आश्चर्य की अधिकाऱ्यांनी मज्जाव केला? खरेच, आश्चर्य नाही. दाट वस्तीत साथ चालू असता एका आवारात बाहेरून शेकडो रोगट मुली आणून ठेवणे कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला रुचले नसते. शारदा सदनात किती मुली राहाव्या याची मर्यादा घालण्यात आली आणि नव्यांना ताबडतोब शहराबाहेर नेण्याचा हुकूम झाला. हुकुमात कोठे न्यावे हे लिहिलेले नव्हते. हुकुमांत ते नसतेच!

वाचकहो, लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची कथा शिरगणतीच्या हुकुमापासून सुरू होते, हे कधी आपल्या मनात आले आहे काय? कैसराला माणसे मोजावयाची होती. मोजणीसाठी निघालेल्या एका गरोदर स्त्रीला उतारशाळेत जागा मिळाली नाही. उतारशाळेचा मालक दुष्ट होता असे शास्त्र म्हणत नाही. जागा नव्हती, इतकेच. पुण्यातही जागा नव्हती.

मग केडगावची ती लहान झाडांची जमीन आठवली. फळांसाठी घेतलेल्या त्या जागेवर मुलींची वसाहत वसू लागली. आधी तंबू आणि गवताने शाकारलेल्या साध्या छपऱ्या उभ्या राहिल्या. पुण्याच्या सदनातील जुन्या मुली, ज्या काल-परवापर्यंत स्वतः आश्रित होत्या, त्यांच्यावर नव्या मुलींना न्हाऊ घालण्याचे, जखमा बांधण्याचे, जेवू घालण्याचे काम आले. हे काम किती कष्टाचे असते ते रुग्णसेवा करणाऱ्यांनाच समजेल. उपासमारीतून आलेल्या मुलाला पोटभर वाढता येत नाही, थोडेथोडे द्यावे लागते, आणि ते मूल रडते, चोरते, भाकरीचा तुकडा लपवून ठेवते. ज्याला उद्या मिळेल याची खात्री कधीच नव्हती त्याने तुकडा लपविला तर त्याला चोरी म्हणावे काय? काही मुली सर्व उपचार करूनही वाचल्या नाहीत. केडगावच्या वसाहतीचा पाया या मरणांवरही उभा आहे, आणि हे आपण आपल्या गौरवग्रंथांत कमी लिहितो.

आता जे सांगावयाचे आहे ते या वर्षातील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. शारदा सदनातील एका मुलीला आजारपणात सरकारी इस्पितळात न्यावे लागले. तेथून तिची रवानगी प्लेगच्या इस्पितळात झाली. ती परत आली नाही. रोगाने ती मेली असती तर रमाबाईंनी ते देवाच्या इच्छेवर सोपविले असते. परंतु ती मेली नव्हती. देखरेखीच्या अभावी ती वाईट हाती पडली आणि हरवली, असा रमाबाईंचा आरोप होता. त्यांनी मे १८९७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले, पुण्यातील इस्पितळांची गर्दी व तेथील स्त्रियांची असुरक्षितता यांविषयी स्पष्ट लिहिले, आणि सरकारला जाब विचारला.

त्या काळी हे किती धोक्याचे होते याची कल्पना करा. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली आणि जुलैच्या आरंभी ते मरण पावले. सरकार चवताळले. त्याच महिन्याच्या अखेरीस लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले. नामदार गोखल्यांनी इंग्लंडमध्ये शिपायांच्या अत्याचारांविषयी जे सांगितले होते त्यास पुरावा न मिळाल्यामुळे त्यांना परत येताच जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंच्या पत्राविषयी थेट ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाला, आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे खोटे व दिशाभूल करणारे ठरविले.

रमाबाईंनी शब्द मागे घेतला नाही. ध्यानात घ्या, की या बाईंना देशबांधवांपैकी पुष्कळजण सरकारच्या व मिशनच्या पक्षातील समजत. ख्रिस्ती झाली म्हणजे परकी झाली, असे उघड म्हटले जाई. आणि सरकारी दरबारातही त्यांच्या शब्दाला किंमत मिळाली नाही. इकडेही नाही, तिकडेही नाही, असा तो एकाकीपणा होता. सरकारच्या प्रचंड नोंदवहीत त्या एका मुलीची नोंद रोगी म्हणून झाली आणि पुसली गेली. रमाबाईंच्या हिशेबात ती हरवलेले शंभरावे मेंढरू होती. तीनशे मुली सुखरूप आणल्याचे समाधान त्यांना या एका मुलीच्या बाबतीत गप्प बसवू शकले नाही. मला तर वाटते, त्यांच्या थोरवीची परीक्षा या एका प्रकरणात जितकी होते तितकी पुढच्या मोठमोठ्या इमारतींत होत नाही.

त्यांच्यावर आणखी एक टीका झाली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. दुष्काळात अन्न देऊन मुलींना ख्रिस्ती केले, असे पुण्याच्या वृत्तपत्रांनी म्हटले, आणि आजही म्हणणारे आहेत. प्रश्न गंभीर आहे. उपाशी माणसाची निवड किती मोकळी असते, हे आपणही स्वतःला विचारले पाहिजे. उत्तरादाखल एक गोष्ट सांगता येईल. त्या मुलींना घेऊन जाण्यासाठी त्या वेळी दुसरे कोण उभे होते, हे रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि जे उभे होते त्यांचा हेतू धर्माचा नव्हता. टीकाकारांपैकी काहींनी पुढे स्वतः विधवांसाठी काम उभे केले असते तर टीकेस अधिक वजन आले असते. ज्यांनी ते केले त्या अण्णासाहेब कर्व्यांच्या मनात रमाबाईंविषयी आदरच होता. त्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनातल्याच.

पावसाळा आला आणि गेला. त्या वर्षी पाऊस झाला. प्लेगने मात्र पुण्यात पुन्हा डोके वर काढले, आणि ही दुसरी फेरी पहिलीपेक्षा अधिक भयंकर ठरली. केडगावची तात्पुरती वसाहत आता तात्पुरती राहणार नाही हे उघड झाले. नोव्हेंबर महिन्यात बैलगाड्यांची एक लांब रांग केडगावहून भीमेच्या काठाकडे गेली. शंभराहून अधिक मुली व स्त्रियांनी त्या दिवशी नदीत बाप्तिस्मा घेतला. लोणावळ्याच्या रानातील त्या गणिताची आठवण रमाबाईंना तेथे झाली नसेल असे कसे म्हणावे?

आणि मग नाताळ आला. १८९७ सालचा नाताळ शनिवारी होता. दोनच दिवसांपूर्वी अमावास्या होऊन गेली होती, म्हणून रात्र काळोखी, आणि भीमेच्या खोऱ्यातल्या डिसेंबरात आभाळ निरभ्र असते. प्रिय वाचक, आपण त्या माळावर क्षणभर उभे राहून पाहा. पुणे शहर प्लेगने अर्धे ओस पडले आहे, घरांना कुलुपे आहेत. रेल्वेच्या स्थानकांवर प्रवाशांची नाडी पाहिली जात आहे. येथे मात्र गवताच्या छपरांखाली शेकडो मुली एकमेकींना बिलगून झोपल्या आहेत. त्यांतील बहुतेकींना गेल्या नाताळात नाताळ हा शब्दच ठाऊक नव्हता. गेल्या डिसेंबरात त्या नर्मदेच्या खोऱ्यात कोठे तरी झाडाचा पाला उकळून खात होत्या, किंवा मरून पडलेल्या आईशेजारी बसून होत्या. त्यांच्यात ब्राह्मणाची मुलगी होती, कुणब्याची होती, ज्यांना गावाबाहेर ठेवले जाई त्यांचीही होती. दुष्काळाने सर्वांना एकाच तंबूत आणले होते. पुण्याच्या सदनात सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा ठेवण्याची सोय होती. केडगावच्या या वस्तीत असा वेगळेपणा फार दिवस टिकण्यासारखा नव्हता.

शहरापासून दूर, मोकळ्या रानात, गुरांच्या सोबतीने झालेला हा नाताळ मूळ नाताळाच्या जितका जवळ होता तितके आपले दिव्यांचे नाताळ क्वचितच असतात. बेथलेहेमच्या मेंढपाळांना गोठा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नव्हते. या मुलींनाही जागा नसणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागले नसेल. हेरोदाच्या भयाने रातोरात मिसरात पळालेल्या कुटुंबाची गोष्ट त्यांच्यापैकी कोणीही स्वतःच्या घरची म्हणून सांगितली असती.

पुढची हकिकत आपणांस परिचित आहे, म्हणून लांबवीत नाही. १८९८ मध्ये रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, मंडळाची पुनर्रचना झाली, आणि २४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावच्या वसाहतीस मुक्ती हे नाव विधिपूर्वक मिळाले. १९०० मध्ये गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला, तेव्हा पुन्हा मुली आल्या आणि वसाहतीची संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. दोन हजार माणसांचे गाव! आणि खरोखर ते गावच होते. विहिरी होत्या, शेती होती, गाईगुरे होती, तेलघाणा होता, हातमाग होते, भटारखाना होता, छापखाना होता. त्या काळी पुरुषांची समजली जाणारी कामे तेथे मुली करीत. अंध मुली ब्रेल शिकून वाचीत व इतरांना शिकवीत. रमाबाईंच्या मनात आश्रमाचे चित्र राजवाड्याचे नव्हते, खेड्याचे होते, कारण ज्या मुली आल्या त्या खेड्यांतूनच आल्या होत्या आणि त्यांना हातांनी काम करण्यात कमीपणा वाटत नव्हता. स्वतःच्या आईबापांना अंगमेहनतीचा संकोच जिवावर बेतला होता, हे त्या विसरल्या नव्हत्या.

१९०५ मध्ये तेथे आध्यात्मिक जागृती झाली आणि तिची वार्ता देशोदेशी गेली. तिच्याविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे भर घालण्याचे कारण नाही. अखेरची सतरा-अठरा वर्षे रमाबाई मूळ इब्री व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करीत होत्या. पंडिती संस्कृतात वाढलेल्या या स्त्रीने संस्कृतप्रचुर शब्द मुद्दाम टाळले. विहिरीवर पाणी भरणाऱ्या मुलीला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. आपल्यापैकी काहींना ते भाषांतर ओबडधोबड वाटते. ते कोणासाठी केले हे आठवले म्हणजे तसे वाटत नाही. ते केडगावच्याच छापखान्यात, मुलींनी जुळविलेल्या खिळ्यांनी छापले गेले. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती मनोरमा गेली. आईने काम चालू ठेवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी, शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर, केडगाव येथेच त्या निजल्या. छापील ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण झाला.

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी आजही केडगावला थांबते. मुक्ती मिशन तेथे आहे, स्त्रिया व मुले तेथे राहतात, आणि डिसेंबरात तेथे नाताळ होतो. मयूर विहारातून असो वा मिरजेहून, कधी त्या मार्गाने जाणे झाले तर उतरून पाहा. आवार आता मोठे आहे, वृक्ष उंच झाले आहेत. १८९७ च्या डिसेंबरात तेथे कमरेइतकी संत्र्याची रोपे होती, आणि त्यांच्यामध्ये तंबू.